फोटो कवा देशील?

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात मासळी विकणाऱ्या एका मावशींचा फोटो मी गेल्या वर्षी काढला आणि घालवला. छत्तीस फ्रेमचा रोल एका लॅबमध्ये दिला होता. आठ दिवसांनी हातात आली ती कोरी नारिंगी पट्टी. चूक माझीही असू शकली असती. कॅमेऱ्यात रोल नीट अडकला नसेल तर तो पुढे सरकतच नाही आणि सगळ्या फ्रेम कोऱ्या निघतात. पण तेव्हा पट्टीच्या कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे तरी उमटतात, कारण ते कारखान्यातच टिपलेले असतात. इथे कडेलाही काही नव्हतं. म्हणजे घोळ केमिकलचा. लॅबवाल्याने सॉरी म्हणून एक नवा रोल दिला. त्याच्या हिशेबाने विषय मिटला.

माझ्या हिशेबाने मिटला नव्हता, कारण फोटो काढताना मावशींनी विचारलं होतं, "बाला, फोटो कवा देशील?" आणि मी "पुढच्या रविवारी" म्हणून मोकळा झालो होतो. पुढच्या रविवारी गेलो आणि खरं ते सांगितलं. केमिकल वगैरेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पापलेटवरची माशी हाकलत म्हणाल्या, "मंग आता परत काढ. पन आज दाखवून जा."

माझ्या हातात पेंटॅक्स के-१००० होता. त्याच्या पाठीवर दाखवण्यासारखं काही नसतं. नुसतं काळं झाकण.

सहा वर्षं फिल्मवर फोटो काढल्यानंतर मी डिजिटल कॉम्पॅक्ट घ्यायचं ठरवलं ते या एका वाक्यामुळे. कॅमेरा निवडायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी जे रिव्ह्यू पाहिले, जे कॅमेरे हाताळले आणि ज्या गोष्टी मला विकायचा प्रयत्न झाला, त्याबद्दल हा लेख आहे.

एका क्लिकला दोन वडापाव

इंजिनिअर माणूस आधी शीट बनवतो. माझ्या शीटची पहिली ओळ फिल्मचीच होती. कलर निगेटिव्हचा रोल साधारण ११०० रुपये, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग ६०० रुपये. १७०० भागिले ३६, म्हणजे एका क्लिकला ४७ रुपये. सानपाडा स्टेशनबाहेर तेवढ्यात दोन वडापाव येतात आणि वर चहाला थोडे पैसे उरतात.

तरीही सहा वर्षं हे केलं, कारण फिल्मने मला शिस्त लावली होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी फोर्टमधल्या बोरा बाजारातून मी तो सेकंडहँड पेंटॅक्स आणला. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हे मॉडेल बनत होतं आणि त्यात जवळजवळ काहीच बदललं नाही. बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरला. व्ह्यूफाइंडरमध्ये एक सुई असते, ती मधोमध आली की एक्स्पोजर बरोबर. फोकस हाताने. फोटो काढण्याआधी उजेड कुठून येतोय, समोरचा माणूस किती लांब आहे, हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेच लागतात.

ब्लॅक अँड व्हाइट रोल मी घरीच धुवायचो. पुस्तकात लिहिलेलं असतं की डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला ठेवा. मे महिन्यात सानपाड्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी ३२-३३ अंशांचं असतं. बादलीत बर्फाच्या पिशव्या टाकायच्या, थर्मामीटर धरून बसायचं आणि फ्रीझरमधला बर्फ का संपला याचं उत्तर आईला द्यायचं. हे सगळं मला आवडत होतं, हे आधीच कबूल करतो. नाहीतर पुढचं सगळं फिल्मला कंटाळलेल्या माणसाचं वाटेल.

निळी ताडपत्री

पहिला प्रश्न अर्थात हाच की फोन असताना कॅमेरा कशाला? मीही तो स्वतःला विचारला आणि फोन घेऊन दिवाळ्याला गेलो.

तिथल्या मासळीवाल्यांच्या डोक्यावर निळ्या ताडपत्र्या आहेत. सकाळी नऊचं ऊन त्यांतून गाळून खाली येतं आणि सगळं निळं होतं. पापलेट, बर्फ, पितळी परात, मावशींचा चेहरा, सगळंच. डोळ्याला ते थोड्याच वेळात जाणवेनासं होतं. डेलाइट फिल्मला मात्र ते जसंच्या तसं दिसतं. ती सूर्यप्रकाशासाठी बनलेली असते आणि तिच्यात बदल करता येत नाही. माझ्या जुन्या रोलमध्ये तो अख्खा बाजार पाण्याखाली असल्यासारखा दिसतो.

फोनने काय केलं? त्याने निळेपणा ओळखला, ती चूक आहे असं ठरवलं आणि दुरुस्त केली. एका क्लिकमध्ये तो अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, सावल्या उचलतो, झगझगीत भाग खाली आणतो आणि त्वचेला त्वचेचा रंग देतो. मावशी छान दिसल्या. पण ताडपत्रीखाली बसलेल्या दिसल्या नाहीत. एखाद्या स्वच्छ, वातानुकूलित दुकानात बसल्यासारख्या दिसल्या.

फोनचा कॅमेरा वाईट नाही. तो फार चांगला आहे, पण फोटो चांगला कशाला म्हणायचं हे त्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. रॉ फाइल काढून यातलं बरंचसं टाळता येतं. पण ज्या खिशात ऑफिसची नोटिफिकेशन्स वाजतात, त्याच खिशातल्या वस्तूने माणसांकडे बघायचं मला जमत नाही. हे तांत्रिक कारण नाही, पण खरं कारण आहे.

एकादशी, दुप्पट खाशी

फोन बाद झाल्यावर मी रिव्ह्यूंच्या दुनियेत शिरलो. तिथे फिल्मवाल्यांसाठी एक खास गल्ली आहे. 'या कॅमेऱ्याने मला पुन्हा फोटोग्राफीच्या प्रेमात पाडलं' हे वाक्य तिथे दर दुसऱ्या व्हिडिओत असतं. नमुन्याचे फोटो बहुतेक टोकियोच्या पावसातल्या निऑन पाट्यांचे. ताडपत्री कुणाकडेच नाही.

या गल्लीतली सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे २०२५ साली आलेला फूजीफिल्मचा एक्स हाफ. वजन २४० ग्रॅम, एक इंची सेन्सर तोही उभा बसवलेला, आणि वर एक खटका, जुन्या कॅमेऱ्यात रोल पुढे सरकवायला असायचा तसा. त्यात 'फिल्म कॅमेरा' नावाचा मोड आहे. तो लावला की ३६, ५४ किंवा ७२ फोटोंचा 'रोल' सुरू होतो. मागची स्क्रीन बंद. प्रत्येक फोटोनंतर खटका ओढायचा. रोल संपेपर्यंत काढलेलं काही बघायचं नाही. नंतर फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ते फोटो 'डेव्हलप' होतात.

हे वाचल्यावर मला आमच्या घरची आषाढी एकादशी आठवली. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा चिवडा. नाव उपवासाचं आणि पोट नेहमीपेक्षा जड. एक्स हाफची वाट पाहणं तसंच आहे. फोटो सेन्सरने केव्हाच टिपलेला असतो, थांबायचं ते फक्त तुम्ही.

यात एक गंमत आहे आणि ती रिव्ह्यूंमध्ये क्वचितच येते. अर्ध्या फ्रेमचे कॅमेरे मुळात काटकसरीसाठी होते. १९५९ साली ऑलिंपस पेन आला तेव्हा त्याचा मोठा फायदा हा, की एकाच रोलमध्ये ३६ ऐवजी ७२ फोटो बसायचे. म्हणजे तो कॅमेरा माणसाला जास्त फोटो काढू देण्यासाठी होता. एक्स हाफने तोच ७२ चा आकडा कमी फोटो काढायला लावण्यासाठी वापरला. गरजेतून आलेली गोष्ट शौक म्हणून परत आली.

मी हे सगळं बाबांना मोठ्या हौसेने समजावून सांगितलं. आमच्याकडे त्यांचा यशिका एमएफ-टू अजून कपाटात आहे. माझ्या बारशापासून पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंतचं सगळं त्याच्या एकाच रोलवर आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही थांबायचो कारण इलाज नव्हता. तुम्ही आता थांबायचेसुद्धा पैसे मोजणार?"

या वाक्याने एक्स हाफ बाद झाला. पण खरं सांगायचं तर ते मलाही लागलं. पगार सुरू झाल्यावर एका क्लिकला ४७ रुपये मोजून मी वेगळं काय करत होतो?

रंग कुठून येतो

दुसरा उमेदवार याच कंपनीचा, पण जास्त गंभीर. एक्स-१०० मालिका २०११ पासून चालू आहे आणि तिचा सहावा अवतार, एक्स-१०० व्हीआय, २०२४ साली आला. ४० मेगापिक्सेल, ३५ मिलिमीटरच्या बरोबरीची एकच लेन्स, वजन ५२१ ग्रॅम, आणि डोळा लावून बघायला उत्तम व्ह्यूफाइंडर. या कॅमेऱ्यात खोट काढणं अवघड आहे. किंमत दीड लाखाच्या आसपास, हीच काय ती खोट.

पण तो विकला जातो तो बऱ्याच अंशी फिल्म सिम्युलेशनवर. व्हेल्व्हिया, अ‍ॅक्रॉस, क्लासिक क्रोम. यातल्या पहिल्या दोन याच कंपनीच्या खऱ्या फिल्म. कंपनी १९३४ पासून फिल्म बनवते आहे, तेव्हा हे नुसतं फिल्टर लावणं नाही, त्यामागे जाणकार माणसं आहेत. क्लासिक क्रोमच्या बाबतीत कंपनी कुणाचं नाव घेत नाही, पण बघणाऱ्याला त्यात प्रतिस्पर्ध्याची कोडाक्रोम दिसते.

कोडाक्रोम म्हटलं की आपल्याकडे रघुवीर सिंग आठवायला हवेत. १९९४ सालचं त्यांचं मुंबईवरचं 'बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया' हे पुस्तक मी स्क्रीनवर नाही, एका मित्राच्या घरी हातात घेऊन पाहिलं. दुकानांच्या काचा, आरसे, काचेतलं प्रतिबिंब आणि काचेपलीकडचा माणूस, सगळं एका चौकटीत. रंग दाट, सावल्या जवळजवळ काळ्या.

तो काळेपणा कुठून आला? कोडाक्रोम ही स्लाइड फिल्म. तिच्यात चुकीला जागा फार कमी. एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपने चुकलं तरी कळतं. उन्हातली बाई आणि सावलीतला दुकानदार दोघेही नीट येणार नाहीत, एकाला निवडावंच लागतं. म्हणजे त्या काळ्या सावलीत एक निर्णय आहे. छायाचित्रकाराने तिथे काहीतरी सोडून दिलं आहे, आणि तेही शटर दाबण्याआधी.

सिम्युलेशनमध्ये तो रंग मिळतो. पण सेन्सरने सावलीतला दुकानदारही टिपलेला असतो, आणि सेटिंग बदलून त्याला परत आणता येतं. काही सोडावं लागत नाही, फक्त सोडल्याचा देखावा मिळतो. कोडाक्रोमचं उत्पादन २००९ साली थांबलं. ती धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती, तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं बंद केलं. ती फिल्म गेली ती तिच्या अडचणींसकट. परत आला तो फक्त रंग.

इथपर्यंत आलो तेव्हा मी डिजिटलचा विचारच सोडणार होतो. थांबवलं ते दुसऱ्या रघूंनी. रघू राय २००३ साली 'जिओ' मासिकाच्या कामासाठी मुंबईत होते. तिथे त्यांनी निकॉनचा डी-१०० हा डिजिटल कॅमेरा हातात घेतला आणि त्यानंतर ते फिल्मकडे परत गेले नाहीत. साठी गाठलेला, आयुष्यातलं सगळं मोठं काम फिल्मवर केलेला माणूस. सहा वर्षांच्या अनुभवावर मी जे सोवळं पाळत होतो, ते त्यांनी पाळलं नाही. त्यांचं बघणं डोळ्यात होतं, रोलमध्ये नव्हतं.

खिशात मावणारी चोरी

शेवटी मी रिकोचा जीआर थ्री घेतला, सेकंडहँड. २०१९ चं मॉडेल. बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, म्हणजे पेंटॅक्सच्या नुसत्या बॉडीच्या निम्म्याहून कमी. सेन्सर एपीएस-सी, एक्स हाफच्या सेन्सरच्या तिप्पट क्षेत्रफळाचा. २८ मिलिमीटरच्या बरोबरीची एकच लेन्स. झूम नाही, फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही. दिसायला काळी साबणाची वडी. १९९६ साली आलेला याचा पूर्वज, जीआर-वन, फिल्मवर चालायचा आणि जवळजवळ असाच दिसायचा. पण हा तसा असल्याचं नाटक करत नाही.

दोषही सांगतो. एका बॅटरीवर कंपनीच्या आकड्याप्रमाणे २०० फोटो निघतात. पावसाला तो सीलबंद नाही, म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर जीव मुठीत. सेन्सरपर्यंत धूळ शिरण्याची तक्रार जुनी आहे. मी सिलिका जेल टाकलेल्या बंद डब्यात ठेवतो. आणि त्यातही 'पॉझिटिव्ह फिल्म' नावाची रंगछटा आहे, जी मी वापरतो. म्हणजे माझंही सोवळं पूर्ण नाही.

त्याची खरी ताकद स्नॅप फोकस. दीड मीटर, दोन मीटर असं अंतर आधीच ठरवून ठेवायचं. शटर एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, त्या अंतरावर जे आहे ते टिपतो. पेंटॅक्सवर अंतर ओळखायची सवय लागलेली होती, ती इथे कामी आली.

पहिल्या रविवारी वाशीच्या एपीएमसी मार्केटला गेलो. पहाटेचे ट्रक, कांद्याची पोती, पाठीवर ओझं घेतलेले माथाडी. कॅमेरा तळहातात. दोन तासांत १४० फोटो निघाले. शटरचा आवाज जवळजवळ नाही. कुणी वळून पाहिलं नाही. घरी येऊन बघितले तर त्यातले वीस-बावीस खरंच चांगले होते, माझ्या फिल्मवरच्या कुठल्याही रोलपेक्षा जास्त.

ते बघताना लक्षात आलं की त्या दोन तासांत मी एकाही माणसाशी बोललो नव्हतो. 'फोटो कवा देशील' असं कुणी विचारलं नव्हतं, कारण फोटो काढला गेल्याचं कुणाला कळलंच नव्हतं.

पेंटॅक्स मोठा होता. त्याच्या शटरचा खटका शेजारच्या गाळ्यात ऐकू जायचा. फोकस करायला वेळ लागायचा, तेवढ्यात माणूस बघायचा, हसायचा, नाही म्हणायचा किंवा पदर सारखा करायचा. आणि फोटो लगेच दिसणार नाही हे दोघांनाही माहीत असल्यामुळे त्यात एक उधारी असायची. मला परत यावं लागायचं. फिल्मबद्दल मी ज्याला शिस्त म्हणत होतो, त्यातली निम्मी ही होती. ती रंगात नव्हती, धान्यासारख्या दिसणाऱ्या ग्रेनमध्ये नव्हती आणि स्क्रीन बंद ठेवण्यात तर नव्हतीच. ती परतीच्या फेरीत होती.

मराठी छायाचित्रकारांचं जे काम मला मोठं वाटतं, त्यात ही परतीची फेरी दिसते. सुधारक ओलवे यांचे मुंबईच्या सफाई कामगारांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो बघा. घाणीत उतरलेला माणूस इतक्या जवळून टिपायचा तर त्याने आधी तुम्हाला जवळ येऊ द्यावं लागतं. संदेश भंडारे यांचं 'तमाशा : एक रांगडी गंमत' बघा. फडाबरोबर न फिरता, दुरून टेलिफोटो लावून तसे फोटो मिळाले नसते. कॅमेरा कुठला होता हा प्रश्न तिथे सुचतच नाही.

रिव्ह्यू मात्र सगळे एकाच माणसाबद्दल असतात, कॅमेऱ्याच्या मागच्या. त्याला किती मजा आली, त्याचं प्रेम कसं परत आलं, त्याच्या हातात पकड कशी बसते. समोरच्या माणसाला काय मिळालं, हा रकाना एकाही तुलनेच्या तक्त्यात मला दिसला नाही.

परत दिला का?

त्याच्या पुढच्या रविवारी दिवाळ्याला गेलो. मावशींना विचारून फोटो काढला, स्क्रीन फिरवून दाखवला. ताडपत्रीचा निळा मी तसाच ठेवला होता, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर बांधून. त्यांनी हाताला लागलेले खवले पुसले, कॅमेरा डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ बघितला. शेजारणीला दाखवला. मग मला परत दिला आणि म्हणाल्या, "यो त तुझ्याकरंच रायला. मना काय भेटला?"

'आज दाखवून जा' या मागणीसाठी मी तीन महिने घालवून कॅमेरा घेतला होता. दाखवलं. पण दाखवणं म्हणजे देणं नव्हे, हे कुठल्याच शीटमध्ये नव्हतं.

चार बाय सहाचा प्रिंट आमच्या सेक्टरमधल्या फोटो स्टुडिओत पंधरा रुपयांना निघतो. एका फिल्मी क्लिकच्या पैशांत तीन. मी तो काढून नेला. त्यांनी गल्ल्याच्या डब्यात नोटांखाली ठेवला आणि फोटोबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बोंबील घेणार का, एवढंच विचारलं. घेतले.

तुम्ही फिल्मवरून डिजिटलवर यायचा विचार करत असाल, तर माझं मत असं. व्ह्यूफाइंडर हवा असेल आणि पैसे असतील तर एक्स-१०० घ्या, चांगला आहे. एक्स हाफ घेऊ नका, त्यापेक्षा घरातला जुना यशिका दुरुस्त करून घ्या. जीआर घेणार असाल तर तो किती सहज लपतो, याची आधीच धास्ती बाळगा. आणि रिव्ह्यू बघताना फोटोतली माणसं त्या फोटोग्राफरला ओळखत असतील का, एवढं एकदा स्वतःला विचारा.

माझ्या शीटमधले मेगापिक्सेल आणि वजनाचे रकाने मी काढून टाकले. आता तीनच आहेत. तारीख, माणूस, परत दिला का. अकरा रविवार झाले. ओळखीतून किंवा विचारून काढलेल्या बावन्न माणसांचे फोटो आहेत. त्रेचाळीस प्रिंट पोचले. नऊ अजून द्यायचे आहेत, आणि त्यातल्या दोघांची नावं विचारायची राहून गेली आहेत.